जकात, गाळ आणि निवट्या : भिवंडीच्या बंदराचा शोध

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धक्का, गलबतं आणि दगडी भिंत येते. भिवंडीत मी ती भिंत बरीच वर्षं शोधली. इतिहासाचं रीतसर शिक्षण झालेलं नसल्यामुळे पुरावा म्हणजे दगड किंवा ताम्रपट अशी माझी भाबडी समजूत होती. दगड सापडेना, म्हणून विषय बाजूला ठेवला. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक अख्खा दिवस गावात पायी फिरलो आणि माझी चूक बाजाराने दाखवून दिली.

सकाळी तीनबत्तीच्या भाजीबाजारात शिरलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. पहिल्या पावसाबरोबर रानात उगवणारी ही भाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून तिच्या शेजारी काकडांचा वाटा असतोच. या छोट्या आंबट फळांनी शेवळांची खाज मरते. चार पावलं पुढे सुक्या मासळीचा वास आला. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे या दिवसांत समुद्र बाजारात येतो तो वाळून : किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर सुकवलेले बोंबील, जवळा, सुकट. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये गिऱ्हाईक. खाडीवरच्या बंदराचं काम याहून वेगळं काय असतं?

भूगोल थोडक्यात सांगतो. उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि तिची खाडी ठाण्याजवळ फुटते. एक फाटा घोडबंदरमार्गे वसईला समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्याच्या खाडीत. भिवंडीजवळची कामवारी नदी याच खाडीची सोबतीण. भरतीच्या पाण्याबरोबर होडी आत यायची आणि घाटाकडून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल घेऊन ओहोटीला बाहेर पडायची.

शेजारचं कल्याण तर भूमध्य समुद्राकडच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये ते 'कल्लिएना' या नावाने येतं. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे : इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं आणि पोवळं. पण कल्याणबद्दलची त्याची नोंद जास्त बोलकी आहे. पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले. सत्ता बदलल्यावर अडथळे आले आणि चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पाणी तेच, धक्का तोच, तरी बंदर बंद! राज्यकर्त्याने व्यापाराची वाट बदलली, एवढंच कारण.

हा धागा धरला की पुढचा इतिहास उलगडतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत मराठ्यांच्या जहाजबांधणीला सुरुवात झाली. पण खाडीचं वसईकडचं तोंड तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती होतं. ते मराठ्यांकडे आलं १७३९ मध्ये. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणपर्यंत पोहोचली आणि भिवंडीला वगळून घाटाकडे निघाली. माल रुळांवर गेला. ज्या खाडीत गाळ साचत होता, तिच्यातून होड्या आणण्याची निकडही कमी होत गेली.

तरीही माल भिवंडीला विसरला नाही. आज मानकोली, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात मैलोन् मैल गोदामं आहेत. मुंबई-आग्रा महामार्ग हे एक कारण. दुसरं, मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवण्याची सोय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं राहिली. पहिल्या शतकातला तो ग्रीक व्यापारी इथे आला असता तर ट्रक पाहून चकित झाला असता, पण जकातीचं गणित त्याला लगेच कळलं असतं.

दुपारी मोहल्ल्यांतून फिरलो. बंदर मोहल्ला, सौदागर मोहल्ला, भुसार मोहल्ला, आणि पलीकडे खाडीपार. नुसत्या नावावरून इतिहास लिहू नये हे मला मान्य आहे. पण बंदर, व्यापारी, धान्य आणि खाडी ही चार नावं एकाच गावात भेटतात, तेव्हा त्यांची साक्ष डावलता येत नाही. पाण्यावरून कोकणी मुसलमान आले, पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर आणि तेलंगणातून पद्मशाली आले. माल येतो तिथे माणसं येतात.

परतताना एका आगरी मावशीसमोर टोपली दिसली. तळाशी मोजक्याच निवट्या, चिखलात उड्या मारणारी खाडीची मासळी. मी विचारलं, "मावशी, एवढ्याच?"

"खारीत जागाच नाय ऱ्हायली, काका. भराव परला."

आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. खाडीची खारी होते. 'आगरी' या शब्दातलं आगर म्हणजे मिठागर. म्हणजे या समाजाच्या नावातच खारं पाणी आहे. चिखल बुजला की निवट्या जातात. मग त्या पकडण्याची रीत जाते, आणि तिच्यामागोमाग ती सांगणारे शब्दही. मी इतकी वर्षं नसलेली भिंत शोधत होतो. हा जिवंत पुरावा तेव्हा रोज टोपलीत येत होता आणि संध्याकाळपर्यंत विकला जात होता.

मी वाटा घेतला आणि तिथेच उभं राहून मावशीकडून खाडीतल्या मासळीची नावं वहीत उतरवली. सतरा भरली. त्यांतल्या सहांची मासळी तिने स्वतः गेल्या काही वर्षांत पाहिलेली नाही. वाचकांपैकी कुणाच्या गावाला खाडी असेल, तर बाजारात बसणाऱ्या एखाद्या म्हातारीकडून अशी यादी यंदाच करून घ्यावी.