घोरण्याच्या मशीनचा मास्क टोचतोय? मशीन कपाटात टाकण्याआधी हे वाचा

भाईंदर : डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं, पण मास्क नाकावर रुततो, हवा डोळ्यांत जाते. चार रात्रींत माणूस कंटाळतो आणि मशीन कपाटात जातं. पण दुखणं तिथंच राहतं.

झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकतो, याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता. मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. मास्कमधून हवा गळली की दाब उतरतो.

मास्क तीन प्रकारचे : नाकपुड्यांना लागणारा, नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंड उघडं टाकून झोपत असाल तर तिसरा विचारा. दाढी-मिशी असेल तर पहिला बरा पडतो.

हवा गळते म्हणून पट्टे आवळू नका, त्यानेच वळ उठतात. आडवं व्हा, मशीन चालू करा, मग पट्टे बसवा. तरीही गळत असेल तर माप चुकलंय. आपल्याकडच्या दमट हवेत घाम-तेलाने मास्क घसरतो. रोज साध्या साबणाने धुवा. दिवसा टीव्ही बघताना थोडा वेळ लावून सवय करा. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायरबद्दल विचारा.

पेसमेकर असेल तर चुंबकाच्या क्लिपचा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

विकत घेण्याआधी लावून बघायला मागा. मास्क बदला, उपचार सोडू नका.