जिन्यावरचें कळसूबाई

गिर्यारोहण हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें माझें बरींच वर्षें मत होतें. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चा आरंभ हिमालयाच्या वर्णनानें होतो, हें प्रतिवर्षीं नव्या वर्गाला त्याच उत्साहानें सांगितलें, परंतु आमच्या शहराला लागून असलेल्या गोगाबाबाच्या टेकडीवरही मी स्वतः कधीं चढलों नव्हतों. त्यामुळें आमचा धाकटा पुतण्या दर रविवारीं पहांटे पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडूं लागला कीं चहाचा पेला खालीं ठेवून मी विचारीत असें, “काय, आज कोणता डोंगर पाडणार?” तो हंसून म्हणे, “काका, आम्ही नाहीं पाडत. त्यानें आम्हांला पाडूं नये, एवढेंच बघतों.”

त्याचें हें मंडळ म्हणजे कांहीं मोठी संस्था नव्हे. पंधरा-वीस तरुण, तीन-चार तरुणी, वर्गणी काढून घेतलेले दोर, आणि तें सर्व सामान ठेवण्यासाठीं औरंगपुऱ्यांतील आमच्या घराची माडी, एवढाच संसार. रविवार उजाडला कीं मंडळी कधीं देवगिरीच्या बाजूस, कधीं कन्नडकडे अंतूर किल्ल्यावर, तर कधीं सोयगांवच्या वेताळवाडीस जात व रात्रीं उन्हानें रापून परत येत. मार्च २०२० मध्यें ही ये-जा पंधरवड्याच्या आंत थांबली. १५ मार्चला शहरांत पहिला रुग्ण सांपडला. १७ तारखेस पुरातत्त्व खात्यानें आपलीं सर्व स्मारकें बंद केलीं, त्यांत देवगिरीही आला; आणि २५ तारखेपासून तर देशांतील घरोघरचींच दारें लागलीं. तिकडे नेपाळनें त्या वसंतांतील मोहिमांचे परवाने १३ मार्चलाच थांबविले होते.

डोंगरावर जाणें हेंच ज्या मंडळाचें काम, त्यानें डोंगर बंद झाल्यावर करावें तरी काय? मला वाटलें, चला, हें खूळ आतां आपोआप निवेल. माझा अंदाज चुकला. तो चुकला नसता तर आज आमच्या घरांत पंगतीला एक पाट कमी मांडावा लागला असता, म्हणून ही हकीकत लिहावयास बसलों आहें.

पहिल्या आठवड्यांतच पुतण्यानें माडीवरील सगळे दोर अंगणांत आणले. हे दोर नायलॉनचे असतात. आंत गाभा व त्यावर विणलेलें आवरण. आवरण धडधाकट दिसलें तरी आंतील गाभा एखाद्या ठिकाणीं तुटलेला असूं शकतो, व तेथें दोर बोटांना मऊ किंवा चपटा लागतो. म्हणून सबंध दोर वीत-वीत बोटांखालून सरकवावा लागतो. मग तो साध्या पाण्यांत धुऊन सावलींत वाळवावयाचा. उन्हांत घालावयाचा नाहीं, कारण उन्हानें नायलॉन दुबळें होतें. प्रत्येक दोराची स्वतंत्र वही असते. तो केव्हां घेतला, किती वेळां वापरला, त्यास किती मोठे झटके बसले, हें सर्व तींत टिपलेलें. एकदांही न वापरलेला दोर झाला तरी दहा वर्षांनंतर तो टाकून द्यावा, असा दोर करणाऱ्यांचा नियम आहे. त्या तपासणींत दोन दोर बाद ठरले. मला देवगिरीच्या कोठाराची आठवण झाली. १२९६ सालीं अल्लाउद्दीनाची स्वारी आली तेव्हां रामदेवरावानें घाईघाईनें पोतीं गडावर चढविलीं, आणि वेढा पडल्यावर उघडून पाहतात तों आंत धान्य नसून मीठ, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. ज्या गडाचा ताशीव कडा कोणासही चढवत नव्हता, तो न तपासलेल्या पोत्यांनीं घालविला! ही कथा मीं पुतण्यास त्या दिवशीं प्रथमच सांगितली. डोंगर ह्या विषयावर आम्हां काका-पुतण्यांचें झालेलें तें पहिलें सरळ संभाषण.

पुढें रोज सायंकाळीं सात वाजतां मोबाईलवर त्यांची सभा भरूं लागली. पहिले कांहीं दिवस गांठींचे. एकानें आपल्या घरीं बसून आठाची गांठ मारून दाखवावी व इतरांनीं आपापल्या घरीं ती मारावी. त्यांत डावें-उजवें उलटें दिसून इतका गोंधळ होई कीं शेजारच्या खोलींत मला हंसूं आवरत नसे. आमचें कुटुंब एकदां चहा द्यावयास गेलें, तें तेथेंच उभें राहिलें. दुसऱ्या एका गांठीकडे बोट दाखवून म्हणालें, “अशीच तर आमच्या माहेरीं पोहऱ्याला मारीत. तिचें एवढें काय?” आणि डोळे न लावतां मारून दाखविली. त्या दिवसापासून त्यांस सभेचें आमंत्रण असे.

मग निघाली जिन्याची टूम. आमच्या घराचा अंगणापासून गच्चीपर्यंतचा जिना ३८ पायऱ्यांचा. पायरी सात इंच, म्हणजे एकंदर उंची सुमारें २२ फूट. कळसूबाई हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर ५,४०० फूट. भागाकार मींच करून दिला: २४६ फेऱ्या. ज्याच्या घराचा जिना जसा, तसा त्याचा हिशेब. रोज दहा फेऱ्या घालणाऱ्यास पंचवीस दिवसांत कळसूबाई. फ्रान्समध्यें तुलूज शहराजवळ एका गृहस्थानें ह्याच सुमारास आपल्या ७ मीटरांच्या सज्जांत येरझाऱ्या घालून संपूर्ण मॅरॅथॉन पुरी केली होती, म्हणजे हें वेड आमच्याच गल्लींतलें नव्हे. कळसूबाई झाल्यावर मंडळींनीं एव्हरेस्टास हात घातला. १,३२० फेऱ्यांचें तें काम कांहीं जणांनीं दिवाळीपर्यंत आटोपलें. तोंच ८ डिसेंबर २०२० रोजीं नेपाळ व चीन ह्यांनीं एव्हरेस्टची नवी उंची ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली. हे शिखरवीर ८,८४८ धरून चालले होते! त्या रात्रीं सगळ्यांनीं आपापल्या जिन्यावर आणखी पांच पायऱ्या चढून ते शहाऐंशी सेंटिमीटर भरून काढले.

थट्टा पुरे. ८ मे २०२० च्या पहांटे, जालन्याहून गांवाकडे पायीं निघालेले आणि थकून रुळांवरच निजलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखालीं गेले. त्या सायंकाळीं सभेंत फेऱ्यांचा हिशेब कोणीं विचारला नाहीं.

माझ्या मतें त्या मंडळाला जगविलें तें जिन्यानें नव्हे. जिन्यानें फार तर पाय शाबूत ठेवले. कड्यावर दोघे एका दोराला बांधलेले असतात. एक चढतो तेव्हां दुसरा खालीं दोर धरून बसतो. त्यास ते ‘बिले देणें’ म्हणतात. धरणाऱ्यानें चढणाऱ्यावरून दृष्टि काढावयाची नाहीं, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनीं काय केलें, कीं घरीं बसल्या बसल्याच अशा जोड्या लावल्या. रोज सकाळीं प्रत्येकानें आपल्या जोडीदारास फोन करावयाचा आणि त्याची व त्याच्या घरांतील वडील माणसांची विचारपूस करावयाची. फोन आला नाहीं तर तासाभरांत दुसऱ्यानें चौकशी करावयाची. १० ते १८ जुलै २०२० पर्यंत शहर पुन्हां कडकडीत बंद होतें, तेव्हां कोणाच्या घरीं मधुमेहाचीं औषधें संपत आलीं आहेत हें ह्या जोड्यांमुळेंच आधीं समजलें होतें. आमच्या पुतण्याचा जोडीदार शहागंजांतील एका दुकानदाराचा मुलगा. दोन वर्षें तो आमच्या दाराशीं येऊन पुतण्यास हांक मारी. ओसरीच्या आंत मात्र मीं त्यास कधीं पाहिलें नव्हतें. आम्हींच ‘ये’ म्हटलें नव्हतें, हें कबूल करावयास हवें.

सभांतील बोलणीं मी आतां दाराशीं खुर्ची टाकून ऐकूं लागलों होतों. वाट पाहण्याच्या गोष्टी त्यांत फार निघत. आमच्याच जिल्ह्यांतील पोलीस दलांत असलेले रफीक शेख ह्यांचा २०१४ चा हंगाम हिमप्रपातानें गेला, २०१५ चा भूकंपानें गेला. मे २०१६ मध्यें ते एव्हरेस्टवर पोंचले. येथील प्राध्यापिका मनीषा वाघमारे २०१७ मध्यें शिखर अगदीं टप्प्यांत आलेलें असतां वादळी हवेमुळें मागें फिरल्या, आणि २१ मे २०१८ रोजीं त्यांनीं तेंच शिखर गांठलें. समोर दिसणाऱ्या शिखराकडे पाठ फिरविणें हेंही ह्या विद्येंत शिकवितात, हें मला ठाऊक नव्हतें.

टाळेबंदी सैल होतांच डोंगरांकडे धांवण्याचा मोह सर्वांनाच झाला. पण गडांच्या पायथ्याचीं गांवें लहान, दवाखाना दूर. कित्येक गांवांनीं ‘पर्यटकांस मनाई’ असे फलक लावले, आणि तें त्यांनीं योग्यच केलें. कळसूबाईच्या पायथ्याचें बारी किंवा हरिश्चंद्रगडाखालचें पाचनई घ्या. शनिवार-रविवारीं येणाऱ्यांस भाकरी करून घालणें हा तेथील कितीतरी घरांचा चरितार्थ. तो बुडाला होता. राज्यांतील पुष्कळ मंडळांनीं त्या दिवसांत अशा गांवांना धान्य पोंचविलें. आमच्या मंडळानें वर्गणीचा नव्या दोराचा पैसा त्यांत घातला. मीं विचारलें, “आणि दोर?” पुतण्या म्हणाला, “डोंगर कोठें पळतो, काका?”

पुण्याची गिरिप्रेमी ही १९८२ पासूनची संस्था. तिनें तर महामारींतही मोठ्या मोहिमा केल्या. १६ एप्रिल २०२१ रोजीं तिचे गिर्यारोहक ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेवर पोंचले. त्याच दिवशीं साताऱ्याची प्रियांका मोहिते हीही तेथें पोंचली. अन्नपूर्णेवर पाय ठेवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या चढाईंत वरच्या टप्प्यावर दोर अपुरे पडले, ते हेलिकॉप्टरनें पोंचवावे लागले. ही वार्ता आली तेव्हां आमच्या सभेंत टाळ्या झाल्या. पण त्या फार वेळ टिकल्या नाहींत. दुसरी लाट शहरावर आली होती. डिसेंबरांत उघडलेलीं अजिंठा-वेरूळ आदि स्थळें पुन्हां बंद झालीं होतीं.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात, ते त्या वेळीं ७१ वर्षांचे. त्यांस ताप आला. चौथ्या दिवशीं ताप उतरला, जेवण गेलें, गप्पा मारल्या. आम्हीं सुस्कारा टाकला. सकाळीं शहागंजांतून नेहमींचा फोन आला. “अण्णांना चालवून पाहिलें का?” असें त्या मुलानें विचारलें. आरोग्य खात्यानें तेव्हां एक साधी चाचणी सांगितली होती. घरांतच ६ मिनिटें चालावें, साठीपुढील माणसानें ३ मिनिटें चाललें तरी पुरे. चालण्याआधीं व नंतर रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहावें. तें ९३ च्या खालीं गेलें किंवा तीनहून अधिक अंकांनीं उतरलें तर तत्काळ डॉक्टर गांठावा. ऑक्सिमीटर तेव्हां बाजारांत सहज मिळेना. मंडळापाशीं मात्र दोन होते, हिमालयांतील उंचीसाठीं घेतलेले. ते त्या महिन्यांत घरोघर फिरत होते. पाऊण तासांत तो मुलगा एक घेऊन आला आणि अंगणाच्या कठड्यावर ठेवून दूर उभा राहिला.

बोटाला चिमट्यासारखें लागणारें हें यंत्र ज्या तत्त्वावर चालतें, तें जपानच्या ताकुओ आओयागी ह्या अभियंत्यानें शोधिलें. त्याच्या शोधामुळें लक्षावधि घरांत लोक आपल्या माणसाचा श्वास मोजीत असतां, १८ एप्रिल २०२० रोजीं तो वारला. पांच हजार मीटरांवरील तळावर धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरांत असतो, आणि तरी तो बोलतो-चालतो. त्यामुळें ‘मला कांहीं होत नाहीं’ ह्या शब्दावर विसंबूं नये, हें ह्या मुलांना डोंगरानें आधींच शिकविलें होतें.

बसले असतां अण्णांचा आकडा ९५. सोप्यांत तीन मिनिटें फेऱ्या घातल्यावर ८९. अण्णा म्हणाले, “अरे, मला दम लागलेला नाहीं, यंत्र बिघडलें असेल.” यंत्र मीं माझ्या बोटाला लावलें, ९७. पुतण्या म्हणाला, “अण्णा, शेर्पा परत फिर म्हणाला कीं वाद घालावयाचा नसतो.” आमचे अण्णा कोणाचें ऐकत नाहींत, त्या दिवशीं उठून सदरा घातला.

पुढचे नऊ तास मी आठवूं इच्छीत नाहीं. तीन रुग्णालयांत जागा नव्हती. मंडळाचीं मुलें वेगवेगळ्या दारांशीं उभीं राहून एकमेकांस फोन करीत होतीं. रात्रीं अकराच्या सुमारास चौथ्या ठिकाणीं प्राणवायूची खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरीं राहते तर सांगतां येत नव्हतें. सोळाव्या दिवशीं अण्णा घरीं आले. त्याच मे महिन्यांत नेपाळच्या पर्वतारोहण संघानें एव्हरेस्टवरील मोहिमांना विनंति केली, कीं रिकामीं प्राणवायूचीं नळकांडीं डोंगरावर टाकूं नका, खालीं आणा. तीं रुग्णांसाठीं भरून घेऊं.

शहागंजांतील त्या मुलाचे वडील अण्णांच्या नंतर पांच दिवसांनीं रुग्णालयांत गेले. ते परत आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींच्या वेळीं पुतण्यानें फोन केला. बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोललें नाहीं. पण फोन कोणीं ठेवलाही नाहीं.

नोव्हेंबर २०२१ मध्यें मंडळ पुन्हां देवगिरीस निघालें, तेव्हां मी व अण्णा बरोबर गेलों. दाराशीं लसीचे दाखले दाखविले. मी अंधारींतून वाघुळांचा वास सोशीत, दर वीस पायऱ्यांनीं थांबत बारादरीपर्यंत गेलों. माझ्या ६३ वर्षांच्या आयुष्यांतील ही पहिली चढाई. अण्णांस डॉक्टरांची परवानगी नव्हती. ते खालींच थांबले. तो शहागंजचा मुलगा म्हणाला, मीं गड पुष्कळदां पाहिला आहे, मी अण्णांपाशीं बसतों. दोन तासांनीं आम्ही उतरलों तेव्हां घरचा थालीपिठांचा डबा रिकामा झालेला होता, आणि चांद मिनाराच्या सावलींत दोघे एक दोराचा तुकडा घेऊन बसले होते. अण्णांना आठाची गांठ अजून साधत नव्हती.