हमामखाना : त्याची रचना व त्यांतील स्नानविधि

जुन्या कागदांत 'हमाम' किंवा 'हमामखाना' हा शब्द आला कीं आपण त्याचा अर्थ 'न्हाणीघर' असा करून पुढें जातों. हा अर्थ चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. आणि त्या अपुरेपणामुळें कागद वाचणाराचें जें नुकसान होतें त्याहून पडक्या इमारती पाहणाराचें अधिक होतें. न्हाणीघरांत पाणी तापलेलें असतें, हमामांत खोलीच तापलेली असते. एवढा भेद ध्यानांत धरला म्हणजे पुढील सर्व रचना उलगडत जाते. म्हणून चालू हमामांत जाणारास क्रमानें काय आढळतें तें प्रथम सांगून, तोच क्रम पडक्या वास्तूंत कसा ओळखावा आणि आपल्या संस्कृत ग्रंथांतील स्वेदगृहाशीं त्याचें नातें कितपत जुळतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

'हम्माम' हा शब्द अरबी असून त्याच्या धातूचा अर्थ 'तापणें' असा आहे. पाण्याचा त्यांत निर्देश नाहीं. युरोपियनांनीं ही संस्था तुर्कांच्या मुलखांत पाहिली म्हणून तिला 'तुर्की स्नान' हें नांव पडलें. वास्तविक पोकळ जमिनीखालून ऊष्मा फिरवून खोली तापविण्याची युक्ति रोमन लोकांची. त्यांच्या स्नानगृहांत थंड, कोमट व उष्ण अशीं तीन दालनें असत, तोच विभाग अरबांनीं व पुढें तुर्कांनीं उचलला. इस्तंबूल शहरांत १५८४ सालचा चेंबर्लीताश हमाम व १७४१ सालचा चागालोग्लू हमाम हे दोन्ही प्रसिद्ध आहेत, आणि ज्यास मूळ विधि पाहावयाचा असेल त्यानें तेथें जावें. इतकें दूर जाणें ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं भोपाळास कमला पार्कनजीकच्या कदीमी हमामाची चौकशी करावी. तो हिंवाळ्यांत, दिवाळीपासून होळीपर्यंत, चालत आलेला आहे. उन्हाळ्यांत तो बंद कां राहतो हें सांगावयास नको. आम्हां मांडवीकरांस तर वैशाखांत घाम आणण्यासाठीं कोणत्याही इमारतीची गरज पडत नाहीं.

आंत शिरतांच पहिलें दालन लागतें तें कपडे उतरण्याचें. तुर्क त्यास 'जामेकान' म्हणतात. हें दालन थंड व प्रशस्त असतें, भोंवतीं बसण्याचे ओटे व मध्यें बहुधा कारंजें असतें. येथें कपडे काढून कमरेस 'पेश्तेमाल' गुंडाळावयाचा. हा आपला पंचाच समजावा. पुरुषांच्या हमामांत तो शेवटपर्यंत सोडावयाचा नाहीं अशी रीत आहे. नग्न होऊन स्नान करूं नये हें मनुस्मृतीही सांगते, तेव्हां आपल्या वाचकांस त्यांत परकें असें कांहीं वाटणार नाहीं. स्त्रियांसाठीं निराळी वास्तु किंवा निराळे दिवस असतात. पायांत लांकडी खडावा मिळतात. त्या टाळूं नयेत, कारण पुढील जमीन ओली असते आणि तापलेलीही असते.

दुसरें दालन कोमट. तें लहान असून शरीरास उष्णतेची संवय व्हावी एवढाच त्याचा हेतु. तेथें फार थांबण्याचें कारण नाहीं. तिसरें दालन हाच खरा हमाम. घुमटाखालीं मध्यभागीं संगमरवरी चौथरा असतो. त्यास तुर्की भाषेंत 'पोटाचा दगड' अशा अर्थाचें नांव आहे. त्यावर पंधरा-वीस मिनिटें नुसतें पडून राहावयाचें. पहिल्या कांहीं मिनिटांत जीव घाबरा होतो. मग घाम सुटूं लागला कीं बरें वाटूं लागतें. भरल्या पोटीं, ज्वर असतां, किंवा हृदयाचा विकार असणारानें येथें येऊंच नये, आणि गर्भिणीनेंही येऊं नये.

घामानें अंग पुरतें भिजलें म्हणजे स्नान घालणारा येतो. तो हातांत खरखरीत कापडाची पिशवी चढवून सर्वांग घासतो व मळाच्या सुरळ्या काढून दाखवितो. नवख्यास याची लाज वाटते. सेवकास मात्र ती आपल्या कसबाची पावती वाटते. या पिशवीचें तुर्की नांव 'केसे'. मूळ फारसी शब्द 'कीसा', म्हणजे थैली, आणि त्याच शब्दापासून आपल्या अंगरख्याचा 'खिसा' आलेला आहे. यानंतर साबणाचा फेंस व मग वाटीनें पाणी. येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हमामांत डुंबण्याचें टांकें मुख्य नव्हे. भिंतीशीं 'कुर्ना' नांवाचीं दगडी कुंडें असतात, त्यांत गरम व थंड पाणी एकसारखें पडत असतें व कांठावरून वाहून जातें. कुंडास बूच नसतें. साचलेल्या पाण्यापेक्षां वाहतें पाणी शुद्ध, ही दृष्टि यामागें आहे. म्हणून साबण लागलेली वाटी कुंडांत बुडविणें हा तेथें मोठा अशिष्टपणा समजला जातो. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या मनुष्यास हा नियम सांगावा लागणार नाहीं.

परत येतांना क्रम उलटा. कोरडे पंचे गुंडाळून पहिल्या दालनांत निवांत पडावें, सरबत किंवा चहा घ्यावा व घाम पूर्ण जिरल्यावांचून बाहेर पडूं नये. निघतांना सेवकास कांहीं द्यावें लागतें. त्याचें नांव आपणांस ठाऊक आहे : बक्षीस.

हें झालें डोळ्यांस दिसणारें. न दिसणारा भाग संशोधकाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. उष्ण दालनाच्या पलीकडील भिंतीस लागून भट्टीची खोली असते व तिचें दार बाहेरून स्वतंत्र असतें. स्नानास आलेला मनुष्य ही खोली कधींच पाहत नाहीं. भट्टीवर पाण्याची मोठी कढई असते. विस्तवाचा धूर व ऊष्मा मात्र सरळ धुराड्यांत न जातां स्नानगृहाच्या फरशीखालीं शिरतो. ही फरशी आंखूड खांबांवर उचललेली असते व तिच्या खालच्या पोकळीस तुर्क लोक 'नरकस्थान' अशा अर्थाचें नांव देतात. तेथून तो ऊष्मा भिंतींत बसविलेल्या उभ्या नळांवाटे वर जाऊन छपरावर सुटतो. अशा रीतीनें एकच विस्तव पाणी, जमीन व भिंती यांस तापवितो. घुमटास लहान गोल भोंकें पाडून त्यांवर कांच बसवितात. उजेड यावा पण ऊब जाऊं नये हा हेतु. त्याच कारणानें खिडक्या नसतात व दारें ठेंगणीं असतात.

आतां अशी इमारत दोन-तीनशें वर्षें ओसाड पडली म्हणजे तिची काय दशा होते तें पाहा. कांच निघून जाते, कढई कोणी तरी उचलून नेतो. खिडकी नसलेल्या अंधाऱ्या घुमटीस पाहून कोणी तिला थडगें म्हणतो, कोणी कैदखाना म्हणतो. फरशी एखाद्या ठिकाणीं खचली कीं खालची पोकळी दिसते, आणि पोकळी दिसली कीं तिला 'भुयार' म्हणण्यास वेळ लागत नाहीं. भुयारामागोमाग गुप्तधनाची वार्ता उठते, आणि मग पहार घेऊन येणारा मनुष्य नेमका तोच भाग फोडतो कीं ज्यावरून ती इमारत ओळखावयाची. म्हणून पडकी वास्तु पाहतांना शोभेच्या कामाकडे नंतर वळावें. आधीं फरशीखालीं पोकळी आहे कीं काय, त्या पोकळींत काजळी किंवा राख आहे कीं काय, भिंतींतील नळ पाण्याचे आहेत कीं धुराचे, हें पाहावें. पाण्याच्या नळांत आंतून क्षाराचा थर बसतो, धुराच्या नळांत काजळी. एवढ्या एका खुणेवरून पुष्कळ वाद मिटण्यासारखे आहेत.

आपल्या बाजूस हें पाहण्यास सोईचें स्थळ म्हणजे छत्रपति संभाजीनगराजवळील (पूर्वीचें औरंगाबाद) दौलताबादचा किल्ला. तेथील 'शाही हमाम' या नांवानें दाखविली जाणारी इमारत मोंगली अमलांतील मानितात. मोंगलांनीं किल्ला घेतला तो १६३३ सालीं. बऱ्हाणपुरास तापीच्या कांठावरील शाही किल्ल्यांतला हमाम छतावरील रंगकामाबद्दल प्रसिद्ध आहे. मुमताज बेगम १६३१ सालीं त्याच शहरीं वारली, यामुळें पाहुण्यांस तेथें प्रेमकथाच अधिक ऐकावयास मिळते व भट्टी कोठें होती हें कोणी सांगत नाहीं. मोंगलांस या वास्तूचें इतकें अगत्य कां, याचें उत्तर बाबरानें आपल्या तुर्की आत्मचरित्रांत दिलें आहे. हिंदुस्थानांत त्यास ऊन, वारा व धूळ या तीन गोष्टींचा त्रास झाला, आणि तिहींवर हमाम हा उपाय वाटला. तापलेली खोली हा उन्हावर उपाय कसा, असें प्रथम वाटेल. परंतु जाड भिंतींची, खिडक्या नसलेली व पाणी खेळविलेली इमारत भट्टी न पेटवितां उन्हाळ्यांत गारच राहते.

यावर आमचे संस्कृतज्ञ मित्र विचारतील कीं हें सर्व चरकसंहितेंत नाहीं काय? आहे, आणि तें वाचण्याजोगें आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायांत स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'जेन्ताक' हा एक. जलाशयाच्या दक्षिण किंवा पश्चिम कांठीं, पाण्यापासून सात-आठ अरत्नि अंतरावर, उंचीस व रुंदीस सोळा अरत्नि असें वाटोळें, मातीनें लिंपलेलें व अनेक गवाक्षांचें घर बांधावें. अरत्नि म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोंकापर्यंतचें अंतर. तेव्हां हें घर वीस-बावीस फुटांचें झालें. आंत भिंतीलगत सभोंवार एक अरत्नि उंच व तितकीच रुंद ओटी दारापर्यंत असावी. मध्यभागीं पुरुषभर उंच, बारीक भोंकें असलेली, झांकणाची मातीची भट्टी करून तींत खदिरादि लांकडें जाळावीं. धूर सरल्यावर तेल लाविलेल्या रोग्यानें शिरून ओटीवर पडावें. ओटी कोणत्याही स्थितींत सोडूं नये असें आचार्य बजावतात, कारण घेरी आलेल्या मनुष्यास दार सांपडावयाचें तें त्या ओटीच्या आधारानेंच. बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणार्थ एकदम थंड पाण्यास शिवूं नये. मुहूर्तभर थांबून सुखोष्ण पाण्यानें स्नान करावें. ज्यानें हें लिहिलें त्यानें माणसांस तेथें घेरी येतांना पाहिलें असलें पाहिजे.

पाली विनयग्रंथांतील 'जन्ताघर' हेंच होय. तेथेंही लहान घरांत अग्नीची जागा एका बाजूस व मोठ्या घरांत मध्यें सांगितली आहे, आणि भिक्षूंनीं तोंडास माती लावून बसावें असें आहे. म्हणजे उष्ण खोलींत बसून घाम काढण्याची रीत तुर्क येण्याच्या पुष्कळ आधीं या देशांत होती, हें निर्विवाद. पण तेवढ्यावरून हमाम हा जेन्ताकाचा वंशज, असें जें कोणी म्हणतात तें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या घरांत अग्नि खोलीच्या आंत आहे. हमामांत तो बाहेर असून जमिनीखालून फिरतो. खणतांना पहिल्यांत राख खोलींत सांपडेल, दुसऱ्यांत फरशीखालीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत मानसोल्लासांत राजाचा स्नानभोग वर्णिला आहे, त्यांतही भर आहे तो तेलावर, मर्दनावर व उटण्यावर. दिवाळीच्या पहाटे आपण करतों तें अभ्यंगस्नान त्या परंपरेचें आहे. आमच्या जिल्ह्यांत राजापूरजवळ उन्हाळें, संगमेश्वराकडे आरवली, राजवाडी व तुरळ, दापोलीकडे उन्हवरें येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथें विस्तव भूमीच्या पोटांतला आणि कुंड मात्र साचलेलें. ही तिसरीच जात.

शेवटीं कागद वाचणारांसाठीं दोन शब्द. 'गुसलखाना' हा अरबी 'गुस्ल', म्हणजे स्नान, यावरून झालेला शब्द मोंगली कागदांत येतो तेव्हां तेथें स्नान चाललें होतें असें समजूं नये. अकबराच्या वेळीं स्नानगृहालगतच्या खोलींत मोजक्या लोकांस प्रवेश असे, त्यावरून खासगी सल्ल्याच्या दालनास तें नांव पडलें. शहाजहानानें तें बदलून 'दौलतखाना-इ-खास' केलें, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच राहिलें. १६६६ सालीं आग्र्यास शिवाजी महाराज व औरंगजेब यांची भेट झाली ती याच नांवाच्या दालनांत. मोडी कागदाची कड फाटली असतां 'हमा' एवढेंच उरतें, तेव्हां 'हमाम' वाचावें कीं 'हमाल', हें मागील-पुढील खर्चावरूनच ठरवावें. गाथांतील 'हमामा' हा गोपाळांचा खेळ. त्याचा याशीं संबंध नाहीं. 'हमामदस्ता' हाही फारसी 'हावन-दस्ता' याचें रूपांतर आहे. मुंबईच्या कोटांतील 'हमाम स्ट्रीट' या रस्त्याच्या नांवांत मात्र हाच हमाम आहे, पण त्या रस्त्यास आतां अंबालाल दोशी मार्ग म्हणतात, आणि नव्या पिढीस 'हमाम' म्हटलें कीं साबणाची वडीच आठवते.

ज्यांच्या दप्तरांत हमामखान्याच्या खर्चाचे बंद असतील त्यांनीं ते नीट पाहावेत. जळाऊ लांकडाचा आंकडा मोठा असेल तर जमीन तापत होती. तेल व उटणें यांचाच खर्च असेल तर नांव हमामाचें असूनही घर न्हाणीचें. अशा बंदांच्या नकला त्रैमासिकाच्या कचेरीकडे आल्यास आम्ही त्या ताडून पाहूं.