गट एकच, हेतू मात्र वेगवेगळे

माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचा गट झाला, असे होत नाही. तो घडावा लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये या प्रक्रियेच्या चार अवस्था मांडल्या : ओळखीची, संघर्षाची, नियम ठरण्याची आणि प्रत्यक्ष कार्य पार पाडण्याची. १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासह त्यांनी विसर्जनाची पाचवी अवस्था त्यांत जोडली. कार्यालये, क्रीडासंघ यांना हे प्रारूप बऱ्यापैकी लागू पडते. रिॲलिटी शोमध्ये मात्र त्याला विचित्र पीळ पडतो. तेथे गट टिकला तरच दिवस निभावतो आणि गट फुटला तरच कोणी एक जिंकतो.

सीबीएस वाहिनीवर २००० साली दाखवलेले अमेरिकी 'सर्व्हायव्हर'चे पहिले पर्व याचा उत्तम नमुना आहे. मलेशियातील पुलाव तिगा बेटावर सोळा स्पर्धक, ३९ दिवस आणि दहा लाख डॉलरचे बक्षीस. 'तागी' आणि 'पागोंग' अशा दोन टोळ्या होत्या. हरणाऱ्या टोळीने मतदान करून आपल्यातलाच एक सदस्य घरी पाठवायचा, हा नियम. पागोंगची मंडळी खेळीमेळीने राहत. संगनमताने मत देणे त्यांना अप्रशस्त वाटे. तागीमध्ये मात्र रिचर्ड हॅच, नौदलातून निवृत्त झालेले वयोवृद्ध रूडी बोश, ट्रकचालक सू हॉक आणि केली विगल्सवर्थ यांनी गुपचूप युती केली होती. हॅच रोज मासे पकडून सर्वांना खाऊ घालत असे. छुपा हेतू नेहमी कारस्थानाच्या चेहऱ्याने वावरत नाही, हे येथे दिसते. गटाला ज्याची गरज असते, त्याच्याविषयी संशय घ्यायला गट धजत नाही.

दहा जण उरल्यावर टोळ्या एकत्र झाल्या. दोन्हीकडचे पाच-पाच, म्हणजे बळ समसमान. पहिल्याच मतदानात युतीची चार मते पागोंगच्या ग्रेचेन कॉर्डी यांच्याविरुद्ध पडली, उरलेली सहा मते इतस्ततः विखुरली. चार मतांनी दहा जणांचा निर्णय केला! शॉन केनिफ या डॉक्टरने तर कोणाचा रोष नको म्हणून वर्णानुक्रमे मत देण्याचे ठरवले. त्याची ही तटस्थता युतीच्या पथ्यावरच पडली, कारण त्याचे पुढचे मत कोणाविरुद्ध जाणार हे आधीच सांगता येत होते.

हॅचची खरी हुशारी शेवटच्या चाचणीत दिसली. खांबाला हात लावून उभे राहायचे होते. उरले होते हॅच, केली आणि रूडी. हॅच आपण होऊन बाजूला झाला. तो जिंकला असता, तर लोकप्रिय रूडींसमोर अंतिम मतदानाला उभे राहावे लागले असते किंवा त्यांना दिलेला शब्द मोडावा लागला असता. केली जिंकली आणि तिने रूडींना बाहेर काढले. विश्वासघाताचे माप तिच्या पदरात पडले.

त्यानंतर बाद झालेल्या सात जणांनीच विजेता निवडला. सू हॉकने दोघांनाही साप आणि उंदीर ठरवणारे जळजळीत भाषण केले, तरी हॅच ४-३ मतांनी जिंकला. टकमन यांच्या पाचव्या अवस्थेत निरोप असतो. येथे निरोप घेऊन गेलेलेच न्यायासनावर बसतात. म्हणून ज्याला फसवायचे, त्याचेच मत उद्या मागायचे आहे, हे प्रत्येक डावात ध्यानी ठेवावे लागते.

मराठी प्रेक्षकाला २०१८ पासून परिचित झालेल्या 'बिग बॉस मराठी'त हिशेब निराळा आहे. घरातले सदस्य नावे सुचवतात, पण त्यांतून कोणाला वाचवायचे हे प्रामुख्याने प्रेक्षकांची मते ठरवतात. त्यामुळे सदस्याला सोबत्यांपेक्षा कॅमेऱ्याला जिंकावे लागते, आणि भांडणदेखील कित्येकदा समोरच्याशी नसून घराबाहेरच्या मतदारांसाठी असते. नॉमिनेशनविषयी घरात चर्चा करण्यास मनाई असते ती म्हणूनच महत्त्वाची. कन्फेशन रूममध्ये उच्चारलेले नाव लाखो घरांत ऐकू जाते, शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्याला तेवढे ते ठाऊक नसते.