तळाला बसेल ते सोनं



मांजरा नदीकाठच्या एका गावातली गोष्ट. मासिक बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि एका ताईंनी ओट्यातून हळूच दुधाची रिकामी पिशवी काढली. आत मूठभर वाळू, आणि वाळूत पिवळे चमकणारे कण. बांधकामावर वाळू चाळताना त्यांना दिसले होते. "अगं माय, हे सोनं तर न्हाई?" बैठक तिथंच थांबली. कुणी हसलं, कुणी कण बोटावर घेतला. शेजारी बसलेल्या ताई मात्र गप्प होत्या. त्यांचं कारण वेगळं होतं, ते पुढं सांगते.

आधी त्या कणांचं बघू. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोली-मुखेडकडे, ग्रॅनाइटचा खडक आहे. ग्रॅनाइटमध्ये अभ्रक असतं. खडक झिजला की अभ्रकाचे पापुद्रे ओढ्या-नदीच्या वाळूत येतात. ऊन-पाऊस खाऊन ते पिवळसर होतात आणि उन्हात सोन्यासारखे चमकतात. लातूरकडे काळा बेसाल्ट खडक जास्त. तिथं विहीर खोदताना पांढरे, काचेसारखे स्फटिक निघतात. ते दिसायला सुंदर असतात, पण त्यात सोनं नसतं. आपल्या भागाला जवळची खरी सोन्याची खाण म्हणजे कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातली हट्टी. निजामाच्या काळात आपण आणि हट्टी एकाच हैदराबाद संस्थानात होतो. ती खाण आजही चालू आहे.

मग पाण्यात धुऊन सोनं काढणारे लोक खरंच असतात का? असतात. सराफ्यात पहाटे दुकानांसमोरची माती झाडून नेणारे, नालीतला गाळ धुणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचा भुगा उडतो, तो झाडलोटीत जातो. झारेकरी तोच धुऊन काढतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट-मंडला भागात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरा लोकही पिढ्यान् पिढ्या आहेत.

त्यांची रीत आपल्या हाताला नवी नाही. आपण तांदूळ-डाळ रोळतो ना, तेच. परातीत पाणी घ्यायचं, गोल गोल हलवायचं, वरचं हलकं पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. डाळीत खडा तळाला राहतो, वाळूत सोनं तळाला राहतं. कारण वजन. जेवढ्या जागेत पाणी १ ग्रॅम मावतं, तेवढ्याच जागेत साधी वाळू अडीच ग्रॅमहून थोडी जास्त, अभ्रक जवळपास ३ ग्रॅम, पितळ साडेआठ ग्रॅमच्या आसपास आणि शुद्ध सोनं १९.३ ग्रॅम भरतं. म्हणून सोनं चमकीवरून ओळखायचं नसतं, वजनावरून ओळखायचं असतं.

घरच्या घरी पारख

पिवळा कण सापडला तर या क्रमानं बघा.

१. परातीत रोळा. पाण्याच्या हलक्या धक्क्यानं कण वर उठून वाहू लागला तर ते अभ्रक. सोनं काळ्या वाळूच्याही खाली, तळाला चिकटून बसतं.

२. सावलीत धरा. उन्हात सगळंच चमकतं. सावलीत कण फिरवून बघा. अभ्रक एका बाजूनं चमकतं, दुसऱ्या बाजूनं विझतं. सोन्याचा पिवळेपणा कुठूनही सारखाच दिसतो.

३. सुई टोचा. सोनं मऊ असतं, सुईनं त्यात खळगी पडते. अभ्रकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. आणखी एक फसवा पिवळा दगड आहे, पायराइट. लोखंड आणि गंधक मिळून तो बनतो. त्यात सुई शिरत नाही.

४. दगडावर ठेवून हलके ठोका. सोनं पसरून चपटं होतं, तुटत नाही. पायराइटचा चुरा होतो.

५. फरशीच्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची काळपट-हिरवी.

लोहचुंबकाचं काय? चुंबकाला चिकटलं तर ते सोनं नाही, एवढं नक्की. पण चिकटलं नाही म्हणून ते सोनं, असं मात्र नाही. तांबं आणि पितळही चुंबकाला चिकटत नाही.

आता महत्त्वाचं ऐका. या पाचही परीक्षांत दगड पकडला जातो, पितळ नाही. पितळ ठोकलं तर चपटं होतं, त्याची रेघही पिवळीच येते. तिथं सोनाराची कसोटीच लागते. काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तो तिच्यावर तेजाब लावतो. पितळाची रेघ विरघळून जाते, सोन्याची टिकते. हे काम घरी करू नका. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल, त्यानं कातडी भाजते आणि धूर छातीत जातो. पाऱ्याच्या वाटेला तर जाऊच नका. बारीक सोनं गोळा करायला काही जण पारा वापरतात आणि नंतर तापवून तो उडवतात. ती वाफ डोक्यावर, किडनीवर आणि पोटातल्या बाळावर परिणाम करते.

गप्प बसलेल्या ताईंची गोष्ट

आता त्या शेजारच्या ताई. त्या दिवशी त्यांनी गटाकडं तातडीच्या कर्जाचा अर्ज दिला होता. कारण विचारलं तर सांगेनात. वाळूचा विषय निघाला तेव्हा त्यांना धीर आला. दोन अनोळखी माणसं घरी येऊन गेली होती. "पांढरीत खोदताना मडकं सापडलं, आत सोन्याचे मणी आहेत. पोलिसांच्या भीतीनं सराफाकडं जाता येत नाही. निम्म्या भावात द्या म्हणता तर देतो." ताईंनी शहाणपणा केला होता. एक मणी मागून घेतला आणि सोनाराला दाखवला. मणी खरा निघाला!

सख्यांनो, फसवणूक तिथंच असते. नमुन्याचा एक मणी खराच देतात. पैसे मोजल्यावर हातात जी माळ येते, ती पितळेची असते. एका मण्याची पारख म्हणजे सगळ्या माळेची पारख नव्हे. भाताचं एक शीत बघून चालतं, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. इथं पातेलं दुसऱ्याच्या हातात असतं.

दुसरी बाजूही समजून घ्या. जमिनीत पुरलेलं धन खरंच सापडलं तरी ते आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे मणी खोटे असतील तर पैसे बुडाले, आणि खरे असतील तर कायद्याच्या कचाट्यात सापडलो. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

दागिना घेताना

दुकानातून घेतलेल्या सोन्यालाही हीच सावधगिरी ठेवा. हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक. २२ कॅरेटवर ९१६ लिहिलेलं असतं, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटवर ७५० असतं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून फुली, बारीक मणी घेताना पावतीवर वजन आणि कॅरेट लिहून घ्याच.

मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या आणि त्यात एचयूआयडी क्रमांक टाका. दागिना कोणत्या प्रकारचा आहे, किती शुद्ध आहे, कुठं तपासला, हे दिसतं. क्रमांक बोरमाळेचा आणि हातात अंगठी, असं निघालं तर तिथंच थांबा. आईकडून आलेल्या, हॉलमार्क नसलेल्या जुन्या दागिन्याची शंका असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात तो तपासून मिळतो. चार वस्तूंपर्यंत तपासणीचं शुल्क २०० रुपये ठरलेलं आहे. चौघींनी एकेक दागिना दिला आणि वर्गणी काढली तर प्रत्येकीला ५० रुपये पडतात.

गटानं काय ठरवावं

त्या बैठकीत कर्जाचा अर्ज ताईंनीच मागं घेतला. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत, म्हणून तर त्या बोलू शकल्या. गटानं वहीत तीन ओळींचा ठराव लिहिला. तुमच्याही गटात तो घ्या:

• दारावर आलेलं किंवा 'सापडलेलं' सोनं घ्यायला गटाचं कर्ज मिळणार नाही.
• सोनं घेण्याआधी किमान दोघी सोबत जातील आणि पक्की पावती घेतील.
• असा माणूस गावात आला तर आधी ग्रामसंघाला आणि लगेच ११२ वर कळवायचं.

आणि ती वाळू? परातीत रोळली. पिवळे कण पहिल्याच पाण्याबरोबर वाहून गेले, तळाला काळी वाळू राहिली. ताई हसून म्हणाल्या, "जाऊ द्या, अभ्रक तर अभ्रक." मग त्यांनी ओल्या हातानंच पुढच्या महिन्याच्या बचतीची तारीख विचारली.