दिवाळीनंतर वाडीत किती घरं उघडी?

तळेगाव दाभाड्याच्या बाजारात उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन बसलेली ठाकर-कातकरी बाई तुम्ही पाहिली असेल. पाटी रिकामी झाली की तिचा हिशेब संपला, असं आपण समजतो. पण खरा हिशेब दिवाळीनंतर लागतो. मुकादमाची उचल अंगावर असली की घराचं दार लागतं, सगळं कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पोरांची शाळा तिथंच तुटते.

आता रानातल्या मालावर आदिवासींचे स्वतःचे उद्योग उभे राहू लागले आहेत. २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. २०१८ साली केंद्राची वनधन योजना आली. घाटाखाली शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकली. २०२० मध्ये त्यांचं देशभर नाव झालं.

चांगलंच झालं. पण मंडळी, अहवालात पहिला आकडा येतो तो किती टन माल आणि किती लाखांची विक्री याचा. टन वाढले आणि वेचणाऱ्याचा दर तोच राहिला, तर भलं कुणाचं झालं?

मग मोजायचं काय?

पहिली उचल. यंदा किती कुटुंबांनी घेतली, जुनी किती फिटली? वेठबिगारी १९७६ सालीच कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या वाटेनं ती अजून डोकावते. दुसरी शाळा. जूनचा पट नको, फेब्रुवारीची हजेरी बघा. तिसरा पैसा. माल बाई वेचते, पण रक्कम कुणाच्या हातात पडते? चौथं रान. वेल मुळासकट ओरबाडली तर पुढच्या साली धंदा कशाचा करणार?

ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना एक विनंती. ही नोंद धंदा सुरू होण्याआधी एकदा घ्या, नाहीतर पुढं ताडणार कशाशी? धंदा नसलेली शेजारची वाडीही सोबत मोजा. पाऊसपाणी चांगलं झालं तर दोन्हीकडे फरक दिसेल. धंद्याचा फरक एकीकडेच दिसेल. आणि एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका. कातकरी समाजासारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन अभियान सुरू झालं. त्यातून मिळालेलं पक्कं घर गुळवेलीच्या खात्यावर मांडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काय मोजायचं ते वाडीलाच विचारा. "तुमचं बरं चाललंय, हे तुम्ही कशावरून ओळखता?" कुणी म्हणेल, श्रावणात घरात तांदूळ असला की. कुणी म्हणेल, मुकादमाच्या दारी जायची पाळी आली नाही की. तेच तुमच्या वहीचे रकाने. मोजून झालं की आकडे वाडीतच वाचून दाखवा. चुकीचा आकडा तिथंच पकडला जातो.

शेतकरी बंधूंनो, वाडी टिकली तर मजूर दोन पैसे जास्त मागेल, ही धास्ती तुमच्या मनात असेल. मागेलही. पण लावणीला, कापणीला हाक मारायला माणूस गावात असायला हवा ना?

यंदा दिवाळी झाली की वाडीवर एक चक्कर टाका. किती घरांतून चुलीचा धूर निघतोय, तेवढं मोजा. सुरुवात तिथूनच होईल.