वाऱ्याला वाट देणारी मोटार

आलिशान मोटार म्हटली की दणकट इंजिन आणि मऊ आसने डोळ्यांपुढे येतात. मर्सिडीज-बेंझच्या दोन विजेच्या मोटारी मात्र त्यांच्या आकारासाठी पाहण्यासारख्या आहेत.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. आकारामुळे हवा किती अडते, हे 'रोध-गुणांक' सांगतो. तो कमी, तर विरोध कमी. 2021 च्या ईक्यूएसचा गुणांक 0.20 आहे. तिची जुळणी 2022 मध्ये पुण्याजवळ चाकणलाही सुरू झाली. त्याच वर्षीच्या प्रायोगिक 'व्हिजन ईक्यूएक्सएक्स'चा गुणांक 0.17. निमुळती शेपटी, कमी वजन आणि अरुंद टायर यांच्या जोरावर ती जर्मनीतून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत एकाच चार्जिंगवर 1008 किलोमीटर धावली. दर 100 किलोमीटरला वीज लागली अवघी 8.7 युनिट!

वर्गात करून पाहा. पेटत्या मेणबत्तीपुढे बाटली धरून फुंकर घाला, ज्योत विझते. आता तेवढाच रुंद पुठ्ठा धरा. ज्योत उलट पुठ्ठ्याकडे झुकते. बाटलीच्या गोलाव्यावरून हवा वळून मागे एकत्र येते. पुठ्ठ्यामागे मात्र भोवरे होतात आणि दाब घटतो. हाच कमी दाब मोटारीला मागे खेचतो. म्हणून मोटारीच्या नाकाइतकेच तिच्या शेपटीलाही महत्त्व!